तराजूच्या दुकानातले गोपनीय अहवाल

आमच्या घराण्यात नोकरी सगळ्यांनी केली. नोकरी दिली ती पहिल्यांदा मी. आजोबा तहशिलीत होते, वडील कलेक्टर कचेरीत हेडक्लर्क, मामा शाळाखात्यात. माणूस पारखून कामावर कसा ठेवायचा हे यांतल्या एकालाही माहीत नव्हतं. पण नेमणूक कशी होते, अर्जावर आवक क्रमांक कुठे टाकायचा, कोणत्या कागदाच्या किती प्रती काढायच्या, हे सगळ्यांच्या हाडीमाशी मुरलेलं होतं. अशा घरातल्या मुलाने बालाघाटला तराजू आणि वजनं दुरुस्त करायचं दुकान काढलं. पुढे जे झालं ते यातूनच झालं.

आधी धंदा काय तो सांगतो, कारण आजवर मला भेटलेल्या शंभरातल्या नव्वद लोकांना असा धंदा असतो हेच ठाऊक नव्हतं. तराजूच्या दांडीला मधोमध एक पोलादी धार असते, सुरीच्या पात्यासारखी. अख्खा तराजू त्या धारेवर डुलतो. ती बोथट झाली की तराजू आळशी होतो, चिमूटभर माल टाकला तरी ढिम्म हलत नाही. ती धार घासून नीट करणं हे एक काम. दुसरं काम वजनांचं. बिडाच्या वजनाच्या बुडाशी एक भोक असतं आणि त्यात शिसं भरलेलं असतं. वजन हलकं झालं असेल तर शिसं वाढवायचं, जड असेल तर कोरून काढायचं. मग सरकारी निरीक्षक ते आपल्या काट्यावर तपासतो आणि त्या शिशावरच ठसा मारतो. आमच्याकडे ताडून बघायला नमुन्याची पितळी वजनं असत, मखमलीच्या पेटीत एकेक खाचेत बसवलेली. ती आमची गीता. त्यांच्याशी जे जुळलं ते खरं.

शेर आणि मण जाऊन नुकते किलो आले होते. राज्यही नवं होतं. इतकी वर्षं आम्ही नागपूरकडे तोंड करून बसायचो, आता भोपाळकडे बसायला लागलो होतो. मी नागपूरला एका कारागिराकडे दोन वर्षं काम शिकून आलो आणि परवाना काढला. मुलगा कचेरीत न जाता कानस घासणार म्हटल्यावर नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आठ दिवस अबोला धरला. नवव्या दिवशी म्हणाले, "काढ दुकान. पण माणसं नेमशील ती रीतीने. कुणी आलं अन् ठेवून घेतलं, असला कारभार आपल्या घरात चालायचा नाही."

रीतीने म्हणजे कशी, ते दहा दिवसांत कळलं. घराचा पुढचा भाग दुकानासाठी काढला होता, तिथे टेबल मांडून त्यावर हिरवं कापड टाकलं. मधल्या खुर्चीत नाना, उजवीकडे मामा, डावीकडे मी. बाहेर ओट्यावर वीसेक उमेदवार. बहुतेकांनी अर्ज कचेरीसमोरच्या अर्जनवीसाकडून लिहून आणले होते. त्या बिचाऱ्याचा हात एकाच वळणाचा, त्यामुळे पाच अर्जांची सुरुवात "अर्जदार गरीब व निरपराध असून" अशी होती आणि एक तर शेवटपर्यंत वाचल्यावर जामिनाचा निघाला. मामांनी उमेदवारांना राजधान्या विचारल्या. एका लोहाराला शुद्धलेखन घातलं. तो उठला आणि नमस्कार करून निघून गेला. मला त्याच्या मागे धावावंसं वाटलं.

पहिला नंबर मनोहरचा लागला. मॅट्रिक पास, अक्षर मोत्यासारखं, राजपत्रित अधिकाऱ्याचा चारित्र्याचा दाखला जोडलेला. कानस त्याने आयुष्यात पाहिली नव्हती.

सर्वांत शेवटी दशरथ आला. रामपायलीजवळच्या खेड्यातला, तिशीच्या आतबाहेरचा. वारासिवनीच्या एका राईस मिलमध्ये पोती तोलायच्या काट्यावर त्याने हमाली केली होती. मामांनी नाव, गाव विचारलं, मग जात विचारली.

"बौद्ध," तो म्हणाला.

मामांची लेखणी थांबली. त्यांनी आखलेल्या तक्त्यात हा शब्द अजून आला नव्हता. त्यांनी जुना शब्द पुटपुटला.

"ते पयले होतो. आता बौद्ध आहो."

मामांनी रकाना कोरा ठेवला. दाखला मागितला, तो नव्हता. मग रीत म्हणून विचारलं, "तुला काही विचारायचं आहे?" हा प्रश्न त्यांनी सगळ्यांना केला होता आणि सगळ्यांनी मान हलवली होती.

"हौ," दशरथ म्हणाला. "इथचा किलो अन् भोपाळचा किलो सारखाच राह्यते काय?"

"सरकारी आहे. सारखाच असणार."

"पण पाह्यलं कोनं?"

"पुढचा," मामा म्हणाले. पुढे कुणी नव्हतं.

मला तो माणूस आवडला. नागपूरला शिकताना हीच शंका मलाही आली होती आणि मी ती गिळली होती. मी नानांशी दोन दिवस वाद घातला. शेवटी तडजोड झाली की त्याला घ्यायचं, पण हंगामी. दाखला नाही तोवर कायम नाही. दर सहा महिन्यांनी त्याच्या नेमणुकीला मुदतवाढीचा कागद निघायचा. असे कागद चार वर्षं निघाले. तिसरा माणूस घणावरचा, एक वयस्क लोहार. तो मुलाखतीला आलाच नव्हता म्हणून टिकला.

नाना पेन्शनीत निघालेले. सकाळी दहाला कोट घालून दुकानात येऊन बसायचे. तीन माणसांच्या त्या दुकानात हजेरीपट होता, किरकोळ रजेचा अर्ज होता, परिपत्रकं होती. "कर्मचाऱ्यांनी भट्टीजवळ चिवडा खाऊ नये" हे परिपत्रक तिघांच्या सहीने फिरल्याचं मला आठवतं. आणि मार्चअखेर मी प्रत्येकाचा गोपनीय अहवाल लिहायचो. सरकारात वरिष्ठ लिहितात तसा: नैपुण्य, वक्तशीरपणा, वर्तन, सचोटी. लिहिलेले अहवाल खणात बंद होत आणि खणाची किल्ली नानांच्या जानव्याला.

आज हसू येतं, पण खरं सांगायचं तर अहवाल लिहायला मला मजा यायची. त्यामुळे मला माणसं निरखायची चटकच लागली. मनोहर बेरीज करायच्या आधी पेन कानावर का घासतो, लोहारकाका फक्त मंगळवारी का गुणगुणतात, याची मी मनात नोंद ठेवायचो. आपल्याला आपली माणसं अंतर्बाह्य कळतात असं मला वाटत असे. मनोहरच्या अहवालात मी लिहिलं, "स्वच्छतेची आवड. नमुन्याचे वजन सदैव लखलखीत ठेवतो." टेबलावर रोज वापरात असलेलं आमचं पितळी किलो खरंच आरशासारखं चमकायचं. दशरथबद्दल लिहिलं, "हात अप्रतिम. विनाकारण प्रश्न विचारण्याची सवय आहे."

हात अप्रतिमच होता. तराजूच्या धारेवर नख फिरवून तो दोष कुठे आहे ते सांगायचा. आणि प्रश्न म्हणाल तर दिवसभर. एकदा एक म्हातारी आली. मोहफुलं विकायची. लुगड्याच्या ओच्यातून तिने एक गुळगुळीत गोटा काढला आणि म्हणाली, "याचा किलो करून दे." तो तिचा शेर होता. मी तिला समजावू लागलो की दगडात शिसं भरत नाहीत, नवं वजन घ्यावं लागेल. ती हटेना. दशरथने गोटा हातात घेतला आणि विचारलं, "माय, हा कोनाचा?"

"सासूचा."

"अन् तिले कोनं देला?"

अर्धा तास हे चाललं. गोटा तिच्या सासूच्या आईने नदीतून काढला होता, कुठल्या तरी जमीनदार मालगुजाराच्या शेराशी ताडून. नवं वजन म्हातारीने मुकाट्याने नेलं आणि गोटा जपून पुन्हा ओच्यात बांधला. मी दशरथला म्हणालो, "अर्धा तास गेला." तो म्हणाला, "पन बाबूजी, तिनं वजन नेलं ना?" हे उत्तर मी अहवालात लिहिलं नाही.

चौथ्या वर्षी, पावसाळा सरत आला असताना, त्याने मला एक प्रश्न विचारला. कारखान्यातून आलेली नवी कोरी वजनं आम्ही विकायच्या आधी ताडून घ्यायचो. दशरथ त्यांतल्या एका किलोचं शिसं कोरत बसला होता.

"बाबूजी, हे नवे किलो सारेच जड काहून येऊन राह्यले?"

"कारखान्यात लक्ष देत नसतील."

"दोन येगयेगळ्या कारखान्याचे हायेत."

"दशरथ," मी म्हणालो, "शिबिर तोंडावर आलंय. काम कर."

त्याने काम केलं. कोरलेलं शिसं पायाशी ठेवलेल्या पत्र्याच्या डब्यात टाकत राहिला. ते आम्ही पुन्हा वितळवून वापरायचो.

शिबिर म्हणजे वर्षातून एकदा निरीक्षक गावोगाव काटा मांडून बसायचे आणि व्यापारी आपली वजनं ठशाला आणायचे. वारासिवनीच्या धान्यबाजारात आमच्या दुरुस्तीची वजनं सगळ्यांत जास्त, म्हणून मी आणि दशरथ पेटी घेऊन गेलो होतो. निरीक्षकांनी पहिलं किलो काट्यावर ठेवलं. हलकं. दुसरं हलकं. दहाव्या किलोनंतर त्यांनी चष्मा काढला. एकेका वजनात सव्वा ग्रॅमच्या आसपास तूट होती. ऐकायला एवढीशी वाटते, पण कायद्याने वजन बाद व्हायला तेवढी पुरते, आणि बाद वजनाच्या व्यापाऱ्याला सगळा बाजार चोर म्हणतो. एक सेठ ओरडला, "बालाघाटवाले शीशा खा गए!" मग सगळेच ओरडायला लागले. कुणीतरी बोट दाखवलं, "ये आदमी खुरचता है शीशा. मैंने देखा है." बोट दशरथकडे होतं. त्याच्या गावचे दोन जण पोती घेऊन तिथेच उभे होते.

निरीक्षकांनी मला बाजूला घेतलं. भला माणूस होता, माझं नुकसान व्हावं असं त्यांना वाटत नव्हतं. "लाइसेंस का सवाल है. शीशा बिकता है, चोरी हुई होगी. आदमी हटा दीजिए, लिखकर दे दीजिए, बात खत्म."

परतीच्या बसमध्ये दशरथ माझ्या मागच्या बाकावर बसला होता. मी एकदाही मागे वळलो नाही. चोरी त्याने केली असं मला वाटत होतं का? ह्याचं उत्तर मी आजही छातीवर हात ठेवून देऊ शकत नाही. परवाना गेला तर दुकान जाणार, आणि नाना काय म्हणतील, एवढंच डोक्यात होतं.

घरी पोचल्यावर नानांना सगळं सांगितलं. त्यांनी कोट घातला आणि 'कारणे दाखवा' नोटिशीचा मसुदा केला. चार प्रती. "आपल्या ताब्यातील शिशाचा अपहार केल्याचा संशय असल्याने आपणांस निलंबित का करण्यात येऊ नये." हंगामी माणूस, त्यामुळे चौकशीची फारशी गरज नाही, असंही त्यांनी मला समजावलं.

दुसऱ्या दिवशी मी तो कागद दशरथपुढे धरला. त्याला सही करता येत होती, वाचताही येत होतं. त्याने वाचलं नाही.

"मले कागद नका देऊ, बाबूजी. मले इचारा."

"तू लेखी दे. काय ते लेखी दे."

"तुम्ही मले इचारा ना. मी सांगतो."

मी विचारलं नाही. आमच्या घरात विचारायची रीत नव्हती, खुलासा मागवायची होती. त्याने हात धुतले, टोपी घातली आणि तो बसस्टँडकडे चालू लागला. नोटीस टेबलावर तशीच राहिली. मनोहरने तिच्यावर सुंदर अक्षरात "स्वीकारण्यास नकार" असा शेरा मारला.

दशरथच्या जागेवर आता मीच बसायला लागलो. तिसऱ्या दिवशी कोरीव काम करताना तो पत्र्याचा डबा पायाला लागला. सरकवायला गेलो तर हलेना. दोन्ही हातांनी उचलावा लागला. शिशाने काठोकाठ भरला होता.

मी तो डबा मांडीवर घेऊन बसलो. चोरी झाली म्हणतात ते शिसं इथे होतं. कुणी नेलंच नव्हतं. मग मला आणखी एक गोष्ट आठवली, जी बाजारातच दिसायला हवी होती. बाद झाली ती फक्त एक किलोची वजनं. अर्धा किलोची, दोन किलोची, पाच किलोची सगळी पास झाली होती. शिसं चोरणारा माणूस पाच किलोचं वजन सोडून एक किलोचं कशाला कोरील? इतका वेळ मला हे सुचलं नाही, कारण मला ते सुचायला नको होतं.

मी मखमलीची पेटी उघडली. एका पारड्यात टेबलावरचं नमुन्याचं किलो ठेवलं. दुसऱ्यात पेटीतली पाचशे, दोनशे, दोनशे आणि शंभर ठेवली. किलोचं पारडं वर गेलं.

परवानाधारकाने नमुन्याची वजनं ठरावीक मुदतीत खात्याकडे नेऊन तपासून घ्यायची असतात. हजेरीपट आणि परिपत्रकांच्या गडबडीत ती मुदत उलटून किती दिवस झाले ते मी रजिस्टरात दोनदा मोजलं. पण पितळ आपोआप हलकं होत नाही. मी मनोहरला विचारलं, "तू हे किलो कशाने पुसतोस?"

"मी?" तो चकित झाला. "मी कधी हात लावला? ते तर दर शनिवारी नानाच आत नेतात."

शनिवार परवावर होता. मी वाट बघितली. नानांनी पंच्यात किलो गुंडाळलं आणि ते आत गेले. मी मागोमाग गेलो. मोरीवर आई देवाची भांडी घेऊन बसली होती. ताम्हन, तांब्या, समई, आणि त्यांच्या रांगेत आमचं किलो. चिंच लावून झाली होती. आता ती विटेच्या बारीक भुग्याने ते खसाखसा घासत होती.

"आई, हे काय?"

"अरे, ह्यांनीच सांगितलंय. सरकारी वस्तू काळी पडलेली बरी दिसत नाही." तिने ते पाण्याखाली धरलं. "बघ कसं झालंय."

चार वर्षं, दर शनिवारी. थोडं थोडं पितळ मोरीतून वाहून गेलं होतं आणि त्याच किलोशी ताडून दशरथने इमानाने प्रत्येक वजनातलं शिसं कोरून काढलं होतं. चमक माझ्या रोज डोळ्यांपुढे होती आणि ती पाहून मी मनोहरला शाबासकी लिहीत होतो.

मी नानांना सांगितलं. ते टेबलाशी बसले, कागद घेतला आणि स्वतःविरुद्ध खुलासा लिहिला, "सदर चूक माझ्या अज्ञानामुळे घडली." चार प्रती. चौथीवर सही करून त्यांनी चारही माझ्यापुढे ठेवल्या. मला त्यांची फार दया आली आणि तेवढाच रागही आला.

निरीक्षकांनी वाचवायला दिलेली वाट आता मीच बंद केली. त्यांच्याकडे जाऊन किलो त्यांच्या काट्यावर ठेवलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "आप चुप रहते तो मुझे पता भी नहीं चलता." परवाना तीन महिन्यांसाठी निलंबित झाला. आमच्याकडून गेलेली सगळी किलोची वजनं पुन्हा पदरमोड करून दुरुस्त करायचं कबूल केलं.

त्यानंतर मी दशरथच्या गावी गेलो. वारासिवनीपर्यंत बस, पुढे भाड्याची सायकल. खिशात नानांनी तयार केलेलं पत्र होतं, 'निर्दोष असल्याचे प्रमाणपत्र', खाली दुकानाचा शिक्का. दशरथ दुसऱ्याच्या बांधीत धान कापत होता. मला बघून तो बांधावर आला, पण बसला नाही. त्याची बायको थोड्या अंतरावर विळा थांबवून उभी राहिली.

मी सगळं सांगितलं. शनिवार, चिंच, विटेचा भुगा. त्याने मन लावून ऐकलं. मधेच त्याच्या चेहऱ्यावर जुनं कुतूहल चमकून गेलं. "म्हनूनच नवे जड येत होते," तो स्वतःशीच म्हणाला. मग मी पत्र पुढे केलं.

"हे कायचं?"

"तू निर्दोष आहेस याचं. गावात दाखव कुणालाही."

"कागद कोन वाचते इथं?" तो म्हणाला. "माही बदनामी कागदावर झालती काय? तोंडानं झालती. भर बाजारात. दोन मानसं तिथून निंगाले अन् मी घरी पोचाच्या आधी गावात पोचले. माह्या पोरीले शाळेत पोरं 'शिसंचोर' म्हनतात. आमी जुनं सारं सोडून बौद्ध झालो ना, तर लोक वाटच पाहून राह्यले होते, कवा चुकतात हे." त्याची बायको लांबून म्हणाली, "जे बोलाचं ते तिथंच जाऊन बोला म्हना."

बाजाराच्या दिवशी मी वारासिवनीला गेलो. दशरथही आला. मी एका आडत्याच्या ओट्यावर चढलो. शंभरेक माणसं जमली, बालाघाटवाला काय नवीन सांगतो म्हणून. मी कागदावर लिहून नेलं होतं. वाचायला सुरुवात केली, "सर्व संबंधितांस कळविण्यात येते की," आणि लोक पांगायला लागले. खाली उभ्या असलेल्या दशरथने माझ्याकडे वर पाहिलं.  मी कागद घडी करून खिशात घातला.

"किलो हमारा गलत था," मी ओरडलो. आवाज चिरकला. "हमारे घर में घिस गया. गलती मेरी है. इस आदमी ने शीशा नहीं चुराया. इसने तो मुझसे पूछा था कि नए किलो भारी क्यों आते हैं. मैंने नहीं सुना. चोर मैंने बनाया इसको."

 मग ज्या सेठने शिबिरात आरडाओरडा केला होता तो हसू लागला. "इमली से माँजा? किलो को?" सगळा बाजार हसला. माझ्यावर हसला, आमच्या घरावर हसला, आणि ते हसणं पुढे दोन वर्षं पुरलं. पण कुणीतरी दशरथच्या पाठीवर थाप मारली आणि त्याच्या गावच्या एका म्हाताऱ्याने त्याला बिडी दिली. तो बिडी ओढत नसे. त्याने घेतली आणि कानावर ठेवली.

तीन महिन्यांनी परवाना परत मिळाला. मी दशरथला निरोप धाडला आणि तो आला. त्याच्या हातात कायम नेमणुकीचा आदेश दिला. त्याने तो न वाचता घडी करून खिशात ठेवला आणि जागेवर जाऊन बसला. खणातले सगळे गोपनीय अहवाल मी त्याच्यादेखत भट्टीत टाकले. त्यात काय लिहिलं होतं, हे त्याने विचारलं नाही. मला वाटलं होतं, तो विचारील.

त्यानंतर बारा वर्षं तो माझ्याकडे होता. वेळेवर यायचा, वेळेवर जायचा. हात तसाच अप्रतिम. जिल्ह्यात त्याच्या तोडीचा कारागीर नव्हता, आणि हे मी आता मिळेल तिथे तोंडाने सांगत असे. त्याची मुलगी शिकून मास्तरीण झाली तेव्हा तो पेढे घेऊन आला, नानांच्या पाया पडला, आईला भेटला. राग धरलेला माणूस असा वागत नाही.

मी पुढे आणखी माणसं नेमली. हिरवं कापड आणि राजधान्या कधीच गेल्या. माणसाला समोर बसवायचो आणि त्यालाच म्हणायचो, तू मला काहीतरी विचार. काही जण गोंधळायचे, काही पगार विचारायचे, एखादा असं काही विचारायचा की मी दिवसभर त्यावर विचार करायचो. माणसं मला बरी मिळाली. या एका गोष्टीत मी नाव कमावलं असं लोक म्हणतात.

पण दशरथच्या तोंडून मी त्यानंतर एकही प्रश्न ऐकला नाही. मी मुद्दाम काटे बिघडवून त्याच्यापुढे ठेवले, नव्या प्रकारचा स्प्रिंगचा तराजू आला तेव्हा तो उघडून त्याच्या हातात दिला. तो बघायचा, दुरुस्त करायचा, बाजूला ठेवायचा. एकदा गोंदियाहून एक मोठा काटा आला. त्याचा दोष मला चार दिवस सापडत नव्हता. त्याला तो पहिल्याच दिवशी दिसला असणार, ते त्याच्या बोटांवरून मला कळत होतं. मी त्याच्या शेजारी जमिनीवर बसलो.

"दशरथ, तुले काय वाटते? काहून होत असेल असं?"

त्याने कानस खाली ठेवली आणि नम्रपणे माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही सांगान तसं करू, बाबूजी."